पुलाच्या पुढचा बाक

आपण मेलो हे ज्याचं त्याला सगळ्यात शेवटी कळतं म्हणतात. मला ते एका बाकाने सांगितलं. असलं वाक्य मी घरी उच्चारलं असतं तर जावयाने वर्तमानपत्राआडून ‘झालं, सुटली नानांची लिफ्ट’ म्हटलं असतं आणि लेक हसली असती. अलीकडे ती माझ्या प्रत्येक वाक्याला हसते. वाक्य संपायच्या आतच हसते. घरचं माणूस आपल्या विनोदाला असं वेळेआधी हसू लागलं की समजावं, कुठेतरी काहीतरी बिघडलंय. लिफ्टचं तसंच असतं. कुरकुरणारी लिफ्ट वर्षानुवर्षं चालते, तिला काही होत नाही. रोज रडणारी लिफ्ट एकदम गप्प झाली, लोण्यासारखी वरखाली करू लागली, की मी आधी तारा तपासायला घ्यायचो. दवाखान्यातून परत आल्यापासून आमचं घर तसं लोण्यासारखं चाललं होतं. जावई माझ्या चहात साखर टाकताना हात आखडत नव्हता. टीव्हीचा रिमोट न मागता माझ्या उशाशी येत होता. मला कळायला हवं होतं. पण माणूस दुसऱ्याच्या तारा तपासतो.

मी लिफ्टवाला. स्टुलावर बसून ‘कितवा मजला’ विचारणारा नव्हे, लिफ्टच्या टपावर उभा राहून अंधाऱ्या शाफ्टमध्ये हात काळे करणारा. जन्म सगळा उभ्या जगात गेला. ग्रीसचा आणि जुन्या धुळीचा वास, डोक्यावर कुठेतरी लांब मोटरची घरघर, आणि भिंतीपलीकडे माणसांचे संसार: कुठे भांडण, कुठे कुकरची शिट्टी, कुठे कुणी एकटंच बोलतंय. दर मजल्याला संसार बदलायचा आणि दाराच्या फटीतून उजेडाची एक रेघ तोंडावरून खाली सरकत जायची. या रेघांमधून मी किती गोष्टी रचल्या, त्याला गणती नाही. बारा मजल्यांच्या इमारतीत लिफ्ट एकदा तेराव्यावर गेली, दार उघडलं तर एक बाई कपडे वाळत घालत होती आणि म्हणाली, पाय पुसून या. लेक लहान असताना डोळे विस्फारून विचारायची, “खरं?” मी म्हणायचो, “निम्मं.” ती लगेच, “कुठलं निम्मं? बाई की कपडे?” तिची आई आतून ओरडायची, “अगं, त्यांचं नावही निम्मंच खरं आहे, झोप आता.” त्या बिचारीला लिफ्टची भीती. माझ्याशी लग्न करून तिने आयुष्यभर तळमजला धरून ठेवला आणि गेलीही तिथूनच.

आता डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी रोज संध्याकाळी खाडीवर चालायला जायचो. खाडीच्या कडेकडेने, पाणथळीवरून जाणारी ही फळ्यांची वाट आमच्यासारख्यांसाठीच केलेली आहे. म्हातारे, बाबागाड्या, चाकाच्या खुर्च्या. कुठे पायरी नाही, उंबरठा नाही. चढ असलाच तर इतका मवाळ की धाप लागल्यावरच समजतं, चढ होता. दोन्ही बाजूंना कठडा, तोही दोन उंचींचा: एक उभ्या माणसाच्या हाताला आणि एक बसलेल्याच्या. खाली चिखल, चिखलात भोकं, भोकांच्या तोंडाशी नखाएवढे खेकडे एक हात वर करून उभे, जणू यांची हजेरी चाललीय. ओहोटीला वास येतो. कुजलेल्याचा म्हणावा तर तसा नाही. जुन्या फुलदाणीतलं पाणी ओतून टाकताना येतो, तसा. पलीकडच्या काठावर उंच इमारती, त्यांच्यातल्या दोन-तीन माझ्या हाताखालून गेलेल्या. आयुष्य उभं काढलेल्या माणसाला इतकं सपाट फार जड जातं. वर जायचं असेल तर बटण दाबावं, खाली जायचं तर दाबावं. नुसतं पुढे जायचं म्हणजे कुठे जायचं?

पुढे जायचंच नव्हतं. वाटेच्या बरोब्बर मध्यावर एक लाकडी पूल आहे. ओढ्याचं पाणी तिथे खाडीला मिळतं. लेकीने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “नाना, पुलापर्यंत जायचं आणि परत फिरायचं. पुढच्या फळ्या निसरड्या आहेत.” जावयाने री ओढली, “आणि पुढे बघण्यासारखं काही नाहीच. नुसता चिखल.” मी म्हटलं, “चिखल अलीकडेही आहे.” त्यावर दोघंही हसले. वाक्य संपायच्या आतच. मी रोज पुलावर जायचो, कठड्याला पोट टेकून उभा राहायचो, पोटावरचे टाके मोजल्यासारखे चाचपायचो आणि परत फिरायचो. गाठ होती, काढून टाकली, आता फक्त ताकद यायची बाकी आहे, असं डॉक्टर म्हणाले होते. तेव्हा लेक खिडकीबाहेर बघत होती. खिडकीबाहेर दुसऱ्या इमारतीची भिंत होती, एक पाइप होता आणि पाइपावर काहीच नव्हतं.

त्या दिवशी पुलाच्या पलीकडून एक माणूस चाकाच्या खुर्चीत बसून आला. हाताने चाकं फिरवत, शीळ घालत, मजेत. माझ्या शेजारून गेला तेव्हा मी सवयीने चाकांकडे पाहिलं. कोरडी खडखडीत. चिखलाचा ठिपका नाही, ओल नाही, टायरच्या खाचांत वाळलेली धूळ. मी पुढच्या फळ्यांकडे पाहिलं. त्यांवर ठरावीक अंतराने खरखरीत पट्ट्या ठोकलेल्या, पाय घसरू नये म्हणून. अलीकडच्या फळ्यांपेक्षा पुढच्याच नव्या. ‘निसरड्या’ हा शब्द मी तोंडातल्या तोंडात फिरवून पाहिला. त्याला कुठेच ओल लागेना. राग आला नाही. जे वाटलं ते वेगळं होतं. टपावर उभं असताना लिफ्ट निम्म्यावर पोचली की पलीकडून काउंटरवेट जातं. लिफ्ट वर, ते खाली. लिफ्टच्या तोलाचं लोखंड ते, पण आवाज करत नाही. खांद्याजवळून हवेचा एक झोत येतो, गार, आणि तेवढ्यावरून समजायचं की आपल्याएवढंच कोणीतरी आत्ता उलट्या दिशेने गेलं. पुलावर मला तो झोत लागला. मी पलीकडे पाय टाकला.

पलीकडे लव्हाळी जास्त दाट होती आणि शहराचा आवाज कमी. पक्ष्यांच्या चित्रांचा एक फलक होता, पण ऊन खाऊन खाऊन त्यातले सगळे पक्षी एकाच पांढऱ्या रंगाचे झाले होते. खाली प्रत्येकाचं वेगळं नाव, वर सगळ्यांची एकच भुतं. एक खरा बगळा चिखलात उभा होता, एका पायावर, कुणाच्या तरी निकालाची वाट पाहत असल्यासारखा. मग वाट जराशी वळली आणि खाडी एकदम उघडी झाली, मोठी, राखाडी, मधेच एखाद्या पट्ट्यात चमकणारी. वळणावर एक पाण्याचा नळ आणि एक बाक. नवा, अजून तेल प्यायलेला. मला धाप लागली होती. मी बसायला म्हणून बाकाच्या पाठीवर हात टेकला आणि हाताला पितळ लागलं.

पाटी तळहाताएवढी. त्यावर कोरलेलं: ‘नाना, लिफ्टवाले. वर गेले. जिन्याने.’ खाली लहान अक्षरांत, ‘लेक व जावई.’

विनोद माझाच. तीस-चाळीस वर्षं जेवताना, लग्नाकार्यात, परक्यांच्या मयतात सांगितलेला. मी गेलो की एवढंच लिहा, नाना वर गेला, जिन्याने, कारण लिफ्ट दुरुस्त करणारा तोच होता. त्यांनी शेवटचं कारण गाळलं होतं. बरं केलं, पाटीवर लांबलं असतं. मला पहिल्यांदा हेच सुचलं, की बरं केलं गाळलं. मग मी बसलो. बाक मजबूत होता. त्यातही मला त्याचे पाय हलवून बघायचा मोह झाला, डुगडुगतो का. कसं झालं असेल, तेही हळूहळू ध्यानात आलं. जावई हा सगळं आधी उरकून ठेवणारा माणूस. स्टेशनवर गाडीच्या आधी पोचतो आणि गाडीवरच रागावतो. मी नळ्यांच्या जंगलात पडलो होतो आणि नातेवाइकांना बोलवा असं कुणीतरी म्हणालं होतं, तेव्हाच त्याने बागखात्यात जाऊन बाक धरून ठेवला असणार. खाडी दिसणारे बाक लवकर जातात. मग मी उठून बसलो आणि लापशी मागितली. मेलेला माणूस उठून बसला तर काय करायचं, याची सोय कुठल्याच खात्यात नसते. त्यांची माणसं ठरल्या दिवशी आली असतील, पाटी ठोकून गेली असतील. आणि मग यांना म्हाताऱ्यासाठी निसरड्या फळ्या शोधाव्या लागल्या.

हसू आलं. खरंच आलं. पण हसता हसता मला पाटीच्या कडेला पांढरे डाग दिसले. बोटांचे. पिठासारखे, पण पीठ नव्हे. लेक दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यात आहे. दिवसभर प्लास्टरचे जबडे ओतते, घासते. नखांच्या कडांतून ते पांढरं कधीच जात नाही. आमच्या घरात दुधाच्या पातेल्यावरही तेच ठसे असतात. चुकून लागलेली पाटी होती, तर तिच्यावर हे ठसे कशाला? आणि एक-दोन नव्हेत, एकावर एक, जुने, नवे, फिरवलेले. जिवंत बापाच्या पाटीवरून कुणी रोज बोटं कशाला फिरवील? ती अलीकडे उशिरा यायची आणि डोळे लाल असायचे. ‘प्लास्टर गेलं डोळ्यात,’ म्हणायची. मी म्हणायचो, चष्मा घालत जा कामावर.

“जरा सरकता का? तुम्ही नानांच्या डोक्यावर टेकलायत.”

मी दचकून पाहिलं. चाकांचा वॉकर पुढे ढकलत एक म्हातारी आली होती. माझ्याच वयाची, म्हणजे म्हातारी. वॉकरच्या टोपलीत छत्री, पाण्याची बाटली आणि एक उशी. उशी तिने बाकावर टाकली आणि ऐसपैस बसली.

“पाटीवर टेकलायत म्हणते,” ती म्हणाली. “रोज भेटतात ना, म्हणून नानाच म्हणते मी त्यांना.”

“ओळख होती?”

“कुठली हो! गेल्यावर ओळख झाली. लेक येते त्यांची रोज. मी टेलिफोनात होते. कानाला यंत्र लावून दुसऱ्यांचं ऐकण्यात जन्म गेला, त्यामुळे माणसं माझ्याशी आपसूक बोलतात. तुम्हीही बोलाल बघा.”

मी खाडीकडे बघत विचारलं, “काय झालं होतं त्यांना?”

“पोटात. उघडलं, बघितलं आणि परत शिवून टाकलं. हात लावण्यासारखं राहिलंच नव्हतं म्हणे. डॉक्टरांनी सांगितलं, थंडी काही बघणार नाहीत.”

“बघितली का?”

“काय?”

“थंडी.”

“ते नाही बोलली. पाटी लागलीय म्हणजे नसेलच बघितली. तुम्ही आधी स्वेटर नीट घाला, एक बटण चुकलंय.”

मी स्वेटरची सगळी बटणं काढली आणि परत लावली. बोटांना हे काम मिळालं ते बरं झालं. उघडलं, बघितलं, शिवून टाकलं. मला ते काम माहीत होतं. कितीतरी इमारतींत मी पत्रा उघडून टॉर्च मारला आहे, आत बघितलं आहे, आणि काही न बोलता पत्रा परत बसवला आहे. रहिवासी विचारायचे, झाली का? मी म्हणायचो, बघू, चालेल. आणि चालायचीही ती थोडे दिवस, फार छान चालायची. पोटावरची ती शिवण एकदम दुसऱ्या कुणाची वाटू लागली. आत काही नाही असं समजून मी इतके दिवस तिच्यावरून हात फिरवत होतो. आणि आत ते होतं, सगळंच्या सगळं, अंधारात, स्वस्थ. माझ्याबरोबर चहा घेत होतं.

“त्यांना माहीत होतं का?” मी विचारलं.

“छे! गाठ काढली म्हणून सांगितलेलं. ती म्हणते, बाप आयुष्यभर थापा मारत आला, आम्ही आ वासून ऐकल्या. आम्हाला आयुष्यात एकच मारायची आली, तर ती धड मारता येत नाही. बिचारी इथे बसून रडून घेते, त्या नळावर तोंड धुते आणि मग घरी जाते. मी म्हटलं, अगं, आता कशाला तोंड धुतेस? आता कुणापासून लपवायचंय? तर नुसती बघत राहिली माझ्याकडे.”

खेकडे एकाएकी आपापल्या भोकांत गेले. भरती सुरू झाली असावी. पाणी येताना दिसत नाही, फक्त चिखलाचा रंग बदलत जातो.

“तुम्ही ओळखत होतात वाटतं,” टेलिफोनबाई म्हणाली. तिचे कान अजून शाबूत होते.

“एकाच लिफ्टवर होतो.” जीभ आपोआप चालू झाली. कोंबडीचं डोकं उडवल्यावर कोंबडी पळते, तशी. “एकदा काउंटरवेटची तार तुटली. या पठ्ठ्याने काय करावं? दुसऱ्या बाजूच्या पाळण्यात जाड्या दुकानदाराला बसवलं आणि आठवडाभर लिफ्ट चालवली. दुकानदार खाली आला की लोक वर. पण वरखाली करून करून तो सुकला आणि एक दिवस लिफ्ट मधेच अडकली.”

ती हसली. “सांगितलीय मला तिने ही. पण तिच्या गोष्टीत मास्तर होते.”

“मास्तर कसे चालतील? मास्तर मुळात सुके!”

“ते तुम्ही तिलाच विचारा. येईलच ती आता.” तिने उशी उचलली. “मी ती यायच्या आत निघते हल्ली. आतापर्यंत रडणं कमी व्हायला हवं होतं, तर वाढतंच चाललंय. मेलेल्या माणसासाठी इतकं कुणी रडत नाही हो. फोनवर मी खूप रडणारे ऐकलेत.”

वॉकरची चाकं फळ्यांवर टकटक करत गेली. मी एकटा उरलो. म्हणजे मी आणि पाठीमागे नाना. थांबावं का? ती कारखान्याकडच्या टोकाने येईल, बाकावर मला बघेल. आयुष्यातली सगळ्यात मोठी मजा झाली असती. मेलेला बाप स्वतःच्या बाकावर बसून विचारतोय, काय गं, फळ्या कशा आहेत? मी ती गोष्ट मनात पुढे नेऊन पाहिली. सगळ्या गोष्टी पुढे नेता येतात, ही जाईना. तिच्या चेहऱ्यापाशी येऊन अडकत होती. तिला रडायला अख्ख्या शहरात हीच एक जागा होती, आणि तीही माझ्या नावाची. ती काढून घेतली तर तिने घरात रडायचं, माझ्या देखत. आणि मग मी काय करायचं? मेलेल्याने कुणाची समजूत कशी काढायची, ते मला येत नाही. आता माझ्याकडे काम एकच उरलं होतं. ती मारते ती थाप नीट बसू द्यायची. तिला आ वासून ऐकायचं. रोज, थंडीपर्यंत. जन्मभर मी सांगणारा होतो. ऐकणाऱ्याचं काम इतकं अवघड असेल असं वाटलं नव्हतं.

उठायच्या आधी पाटीकडे पुन्हा पाहिलं. एका कोपऱ्यातून ती जराशी हलत होती. बागखात्याच्या माणसाने स्क्रू कसेतरी पिळले होते, खाचांची तोंडं वाटेल तिकडे. माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यात बोटाएवढा पेचकस असतो, दवाखान्यातही होता. मी चारही स्क्रू घट्ट केले, पाटी सरळ केली, रुमालाने पुसायला गेलो आणि ते पांढरे ठसे पाहून हात मागे घेतला. मग पुलाकडे चालू लागलो. नेहमीपेक्षा भरभर, कुणीतरी पाठलाग करत असल्यासारखा.

घरी येऊन मी माझ्या खोलीत खुर्चीवर बसलो आणि गोष्ट तयार केली. चांगली होती. बाहेर जावई दुधाचं पातेलं शोधत कपाटं उघडत-मिटत होता. उजेड कमी होत गेला, दिवा लावायला मी उठलो नाही. लेक आली ती नेहमीपेक्षा उशिरा. चप्पल काढल्याचा आवाज. मग दारात ती. तोंड धुतलेलं नव्हतं. गालांवर प्लास्टरच्या दोन रेघा होत्या, ओल्या.

“नाना, अंधारात काय बसलात?”

तिने स्विचबोर्डाकडे हात नेला. बोर्ड मीच बसवलेला, घरातले सगळेच मी बसवलेले. माझ्या वस्तादाची शिकवण होती: स्क्रू घट्ट झाला की खाच उभी ठेव, बरोब्बर उभी, म्हणजे पुढे जरा जरी ढिला पडला तरी लांबून कळतं. हात तसाच वळला आहे, डोक्याला विचारावं लागत नाही, मघाशी पाटीवरही विचारलं नव्हतं. लहानपणी ती घरभर बोर्ड तपासत हिंडायची, ‘नानांचे शिपाई उभे आहेत का’ म्हणून. जगात असे स्क्रू बसवणारे आणखीही असतील. या शहरात मी तरी पाहिला नाही.

तिचं बोट बटणावर गेलं नाही. ते बटणाच्या शेजारी, स्क्रूच्या उभ्या खाचेवरून एकदा वरून खाली फिरलं. मग दुसऱ्या स्क्रूवरून. मी ते पाहत होतो आणि माझ्या मांडीवर माझे दोन हात पडले होते, कुणीतरी तिथे विसरून गेल्यासारखे.

“आज कुठपर्यंत गेला होतात?” तिने विचारलं. पाठमोरीच.

“पुलापर्यंत,” मी म्हणालो. गोष्ट तयार होती ना. “आणि तू म्हणतेस ते अगदी बरोबर आहे. पुढे काय निसरडं आहे म्हणून सांगू! माझ्या डोळ्यांदेखत एक जण घसरला, खुर्चीसकट. थेट बगळ्याच्या अंगावर. बगळ्याने दुसरा पाय खाली टेकला, म्हणाला…”

ती हसली नाही. मी थांबलो तेव्हा वाक्य अर्धंच होतं आणि ती हसली नव्हती. तिने मागे वळून पाहिलं. अंधारात तिचा चेहरा पुरता दिसत नव्हता, पण आवाज फार जुना होता, तेराव्या मजल्यावरून आल्यासारखा.

“खरं?”

जावयाचा कपाटाशी चाललेला खडखडाट थांबला.

“निम्मं,” मी म्हणालो.

ती येऊन माझ्या पायाशी जमिनीवर बसली आणि तिने डोकं माझ्या गुडघ्यावर टेकलं. कुठलं निम्मं, ते विचारलं नाही.